पितृपक्षात चिंक्वे तेर्रे: एक खोली, पाच गावं आणि कागदांची फाइल

इटलीला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न रोमचा येतो. रोम नाही. मग व्हेनिस? तेही नाही. पिसाचा मनोरा तरी? तोही नाही. मग समोरचा माणूस थोडा गप्प होतो आणि ‘बरं, पुढच्या वेळी’ म्हणून आपलीच समजूत काढतो.

आम्ही गेलो होतो चिंक्वे तेर्रेला. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे, त्याच्या किनाऱ्यावर कड्यांना धरून बसलेली ही पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. गावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत आणि डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे आहे. १९९७ साली युनेस्कोने हा पट्टा जागतिक वारशात घेतला, १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. दोघांनी, आपल्या पैशाने, कुठल्याही टूरशिवाय तिथे कसं जायचं याची सलग माहिती मला मराठीत कुठे सापडली नव्हती. म्हणून हे सगळं, अगदी फायलीतल्या कागदांसकट लिहिते आहे.

सुरुवात मे २०२४ मध्ये झाली. मी ठाण्यात एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, नवऱ्याचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. दोघांत मिळून अडीच लाख, त्यावर एक रुपया नाही, असं आधी ठरवलं आणि मग नकाशा उघडला. टूरवाल्यांची माहितीपत्रकं एवढ्या पैशात एकाच माणसाला नेत होती, तेही रोज नव्या शहरात. मी वहीत हिशोब मांडला. दर शहरबदलाला गाडीभाडं लागतं, अर्धा दिवस जातो, सामानाची ओढाताण होते आणि एका रात्रीची खोली महागच पडते. शहरं काढून टाकत गेलो तसा खर्च खाली येत गेला. शेवटी उरलं एकच ठिकाण. सह्याद्रीत गेली कित्येक वर्षं हिंडतोय, त्यामुळे चालायचं ठिकाण उरलं याचं दोघांनाही वाईट वाटलं नाही.

कधी जायचं याचा निकाल आमच्याकडच्या पंचांगाने लावला. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे उकाडा आणि तोबा गर्दी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे लिगुरियातला मुसळधार पावसाचा काळ. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात मोंतेरोस्सो आणि वेर्नात्साचे रस्ते चिखलाखाली गाडले गेले होते, हे वाचल्यावर ऑक्टोबर बादच केला. उरला सप्टेंबर. गौरी-गणपती सोडून जाणं शक्य नव्हतं, नवरात्रात सासरी घट बसतात. मधे राहिला तो पंधरवडा पितृपक्षाचा. सासूबाई म्हणाल्या, “पक्षात कोणी एवढ्या लांब निघतं का गं?” मग सासरेच म्हणाले, “तृतीयेला आजोबांचं पान वाढून होईल, मग निघा. त्यांनाही हिंडायची आवडच होती.” विषय संपला. २१ सप्टेंबरला निघायचं आणि जेमतेम आठवडाभराने परतायचं, असं ठरलं.

आता व्हिसा. खरं सांगायचं तर सगळ्या प्रवासात धाकधूक झाली ती इथेच.

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा जो एकच व्हिसा, तो शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे आमचं उत्तर सोपं होतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत अपेक्षित असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आम्ही कागद गोळा करत असतानाच, ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसांची फी ८० युरोंवरून ९० युरो झाली. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. दोन्ही मिळून माणशी दहा हजारांच्या थोडं वर गेलं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच मनाशी धरून चालावं.

अपॉइंटमेंट मिळता मिळेना. जूनमध्ये संकेतस्थळ उघडलं की सगळ्या तारखा राखाडी. ‘जास्तीचे पैसे द्या, तारीख मिळवून देतो’ म्हणणारे फोनवर भेटले, त्यांच्या वाटेला गेलो नाही. रोज सकाळी चहा ठेवला की मोबाइलवर बघायचं आणि जेवणं झाली की पुन्हा बघायचं, असं चाललं. कोणीतरी रद्द केलेली तारीख मधेच दिसते आणि दोन मिनिटांत जाते. त्यासाठी दोघांचेही पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा, पासपोर्ट दिल्याच्या आणि संपण्याच्या तारखा एका कागदावर लिहून हाताशी ठेवल्या होत्या. तशीच एके सकाळी २३ जुलैची तारीख हाती लागली.

फायलीत काय काय होतं ते सांगते. भरलेला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो, पासपोर्ट, जो परतल्यानंतर तीन महिने तरी चालला पाहिजे, दहा वर्षांच्या आतला असला पाहिजे आणि ज्यात दोन पानं कोरी हवीत. विमानाचं आरक्षण, राहण्याच्या जागेचं आरक्षण, किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवासविमा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. आयकर विवरणपत्रं. माझ्या पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र. नवऱ्याला पगार नाही, म्हणून त्याच्या व्यवसायाची नोंदणी, जीएसटीचे कागद आणि व्यवसायाच्या खात्याचं वेगळं स्टेटमेंट. लग्नाचा दाखला. आणि या सगळ्याच्या वर एक पानी पत्र.

बँकेच्या स्टेटमेंटबद्दल एक सांगते. अर्जाच्या आठ दिवस आधी कोणाकडून तरी दोन लाख आणून खात्यात घालू नका. मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब बघते, असा आकडा डोळ्यांत खुपतोच, तो तिथेही खुपणार. आमच्या खात्यात फार मोठी रक्कम नव्हती, पण दर महिन्याला थोडी थोडी वाढत गेलेली दिसत होती. प्रवासाचा अंदाजे खर्च मी पत्रातच मांडला आणि तो त्या रकमेत बसतो हे आकड्यांत दाखवलं.

विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाच्या आधी काढलं नाही. गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटकडून थोडे पैसे देऊन फक्त आरक्षण करून घेतलं. राहण्याची जागा मात्र खरीच निवडली, फक्त प्रवासाच्या काही दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येईल अशी. कागदापुरती एक जागा दाखवायची आणि राहायचं भलतीकडेच, हे मला पटत नाही. विमानतळावर विचारलं तर दाखवायला तेच कागद लागतात.

२३ जुलैला धो धो पाऊस होता. फायली दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून निघालो आणि वेळेच्या तासभर आधी जाऊन पोचलो. आत मोबाइल बंद करायला लावतात, त्यामुळे अपॉइंटमेंटचा कागद छापूनच न्या. काउंटरवरच्या मुलीने कागद भराभरा लावले. दिवसांचा आराखडा वाचताना मात्र ती थांबली. “मॅडम, सगळे दिवस एकाच गावात? रोम नाही?” पत्रात मी आधीच लिहिलं होतं की आम्ही डोंगरात चालणारी माणसं आहोत, रोज कुठल्या वाटेने जाणार हे सोबत जोडलं आहे. ते दाखवलं. तिने मान डोलावली. व्हिसा द्यायचा की नाही हे केंद्र ठरवत नाही, वकिलात ठरवते, त्यामुळे तिथे वाद घालण्यात किंवा पटवण्यात अर्थ नसतो. कागद पूर्ण आहेत ना, एवढंच बघायचं. एसएमएस, कुरिअर, खास प्रतीक्षाकक्ष अशा जास्तीच्या सेवा विचारतात, त्या सगळ्या ऐच्छिक असतात. आम्ही फक्त कुरिअर घेतलं. बोटांचे ठसे आणि फोटो झाला की आपलं काम संपतं. हे ठसे ५९ महिने पुढच्या शेंगेन अर्जांना चालतात.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. संकेतस्थळावर तेच एक वाक्य, ‘अर्ज प्रक्रियेत आहे’. विमानाचं भाडं मात्र दर आठवड्याला हजार-दीड हजाराने चढत होतं. नवरा शांत होता. मी रात्री उठून, आयकराच्या कागदावर सही राहिली नाही ना, हे छायाप्रतींत तपासत बसायची. १३ ऑगस्टला दुपारी कुरिअरवाला आला. पाकीट फोडल्यावर आधी स्टिकरवरच्या तारखा वाचल्या. तुम्हीही वाचा. तिथे ‘पासून-पर्यंत’च्या तारखा वेगळ्या असतात आणि राहता येण्याच्या दिवसांची संख्या वेगळी. दोन्हींत बसलं पाहिजे. तारखांचा काळ मोठा दिसला म्हणून तेवढे दिवस राहता येतं असं नाही. नाव आणि पासपोर्ट क्रमांकही तिथल्या तिथे जुळवून घ्या.

त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटं काढली. मुंबई ते मिलान, आखातात एक थांबा, माणशी ५३ हजार. मे महिन्यात हेच ४७ ला दिसलं होतं.

आता राहायचं कुठे, तर पाच गावांत नाही. तिथल्या खोल्या आमच्या आवाक्याबाहेर होत्या, शिवाय बऱ्याच ठिकाणी बॅगा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. गावांच्या एका टोकाला ला स्पेत्सिया हे बंदराचं शहर आहे आणि दुसऱ्या टोकाला लेवांतो हे छोटं गाव. दोन्हीकडून पाचही गावांना लोकल गाडी जाते. ला स्पेत्सिया स्वस्त आहे, तिथे दुकानं-बाजार जास्त. आम्ही लेवांतो घेतलं, कारण तिथून पायी निघता येतं. स्वयंपाकघर असलेली एक साधी खोली, रात्रीला ८८ युरो. स्थानिक पर्यटककर वेगळा, तो रोख द्यावा लागला. तिकीट काढताना एक काळजी घ्या: त्याच रेल्वेमार्गावर सेस्त्री लेवांते नावाचं दुसरं गाव आहे. घाईत तेच निवडलं जातं.

सामानात ट्रेकचे बूट, पातळ रेनकोट, दीड किलो तांदूळ-मुगाची डाळ, मेतकूट, तीळकूट आणि लसणीची कोरडी चटणी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून गणपतीचे उरलेले पेढे आणि सासूबाईंनी भरलेली तुपाची बाटली घरीच राहिली. तूप नाही म्हटल्यावर त्यांना आमच्या जाण्याचीच काळजी वाटायला लागली. पैशांसाठी युरो भरून घेतलेलं एक फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो घेतले. युरो तेव्हा ९३-९४ रुपयांना होता.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर शिक्का मारणाऱ्याने फक्त किती दिवस आणि कुठे एवढंच विचारलं. विमानतळावरून शहराच्या मुख्य स्टेशनापर्यंत थेट गाडी आहे, तेव्हा माणशी १३ युरो पडले. पुढे जेनोवामार्गे लेवांतो, साडेतीन-चार तास. इथे इटलीच्या रेल्वेची एक गंमत कळून घ्यावी. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर निम्म्यात मिळतात, पण ती त्याच गाडीला चालतात. प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं, आज काढा नाहीतर महिनाभर आधी. विमानाला उशीर होईल या भीतीने येतानाचं तिकीट आम्ही प्रादेशिक गाडीचंच ठेवलं, परतीचं आधी काढून ठेवलं. छापील प्रादेशिक तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा, मोबाइलवरचं असेल तर चढण्याआधी त्यात ‘चेक-इन’ करायचं. विसरलात तर तिकीट हातात असूनही दंड.

संपाचंही सांगून ठेवते. तिकडे रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. परतीच्या दिवसाचा आराखडा मी या वेळा धरूनच केला होता. संप झाला नाही ही गोष्ट वेगळी.

पहिल्या पूर्ण दिवशी आम्ही एकही पैसा न देता चाललो. लेवांतोहून मोंतेरोस्सोला जाणारी वाट पुंता मेस्को या भूशिरावरून जाते. साधारण अडीच-तीन तास, पायवाटांसाठी पैसे देऊन घ्यावं लागणारं कार्ड इथे लागत नाही आणि गर्दी नाही. आधी ऑलिव्हच्या बागा, मग पाइनची झाडं, आणि टोकावर संत आंतोनियोच्या जुन्या मठाचे अवशेष. तिथे कठड्याला टेकलं की पूर्वेकडे पाचही गावं एका रांगेत दिसतात. ज्या चित्रांसाठी लोक बोटीचे पैसे देतात ती इथे आयती मिळतात. शेवटचा उतार मात्र दगडी पायऱ्यांचा आहे, गुडघे बोलतात. आधाराची काठी असेल तर घ्या. परत येताना लोकलने आलो. मोंतेरोस्सो ते लेवांतो पाच-सहा मिनिटांचा प्रवास, आणि त्याला त्या दिवशी माणशी ८ युरो!

हा हिशोब नीट कळला तर बरेच पैसे वाचतात. लेवांतो ते ला स्पेत्सिया या पट्ट्यात एका फेरीचं भाडं तेव्हा गर्दीच्या दिवसांप्रमाणे ५ ते १० युरो होतं, एक स्टेशन जा नाहीतर टोकापर्यंत जा. दुसरा पर्याय चिंक्वे तेर्रे कार्डाचा. फक्त पायवाटांचं कार्ड आम्ही गेलो तेव्हा ७.५० युरोंपासून सुरू होत होतं. दिवसभर हव्या तितक्या गाड्या आणि पायवाटा असं दुसरं कार्ड दिवसाप्रमाणे साधारण २० ते ३३ युरोंच्या मधलं होतं. दिवसात चार-पाच वेळा गाडी पकडणार असाल तरच मोठं कार्ड परवडतं. चालणाऱ्या माणसाला छोटं कार्ड आणि परतीचं एक तिकीट पुरतं. स्टेशनवर सगळे मोठं कार्ड घेताना दिसतात म्हणून आपणही घ्यायचं, असं करू नका. आम्ही ते फक्त एका दिवसासाठी घेतलं, त्या दिवशी मात्र सकाळी ७ पासून पुरेपूर वसूल केलं.

पैसे लागतात ते समुद्रालगतच्या निळ्या वाटेला. तिचे दोन तुकडे आम्ही एका दिवसात केले: मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि तिथून कोर्नील्या. पहिल्याला दोन तास, दुसऱ्याला दीड. मोंतेरोस्सोतून सुरुवातीलाच पायऱ्याच पायऱ्या, पुढे वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. गर्दीच्या ठराविक दिवशी हा तुकडा एकाच दिशेने चालवतात, आधी बघून घ्या. आम्ही पावणेआठला चालायला लागलो आणि वेर्नात्साला पोचेपर्यंत वाट जवळजवळ आमचीच होती. दहानंतर समोरून माणसांची रांगच लागली. तळपायाला पकड नसलेल्या चपला घालून या वाटांवर आलात तर दंड होतो, त्याची रक्कम ५० युरोंपासून सुरू होते. तरी सपाता घालून आलेले महाभाग भेटलेच.

वेर्नात्सा मला पाचांत सगळ्यात आवडलं. छोटं बंदर, पाण्याला लागून संत मार्गारिताचं चर्च, वर बुरूज. पण तिथून कोर्नील्याच्या वाटेवरच्या प्रेव्हो या वस्तीपर्यंत वर चढताना उलट बघत राहिले ते डोंगराच्या उतारावरच्या भिंतींकडे. शतकानुशतकं शेतकऱ्यांनी चुना-मातीशिवाय, नुसते दगड रचून भिंती घातल्या आणि कड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं काढली. दगड असे रचण्याच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ देशांच्या नावाने यादीत घेतलं. आता शेती करणारे कमी झालेत. शेत पडीक पडलं की भिंत ढासळते, आणि भिंत ढासळली की डोंगर खाली येतो. वाटेत दोन-तीन ठिकाणी भिंतींची डागडुजी चालू होती. कार्डाचे साडेसात युरो मला तिथे अजिबात जड वाटले नाहीत. त्याच डोंगरात खोदलेलं घर भाड्याने देऊन रात्रीला तीनशे युरो घेणाऱ्यांनी यात किती भर घालावी, हा प्रश्न मात्र मनात आला.

कोर्नील्या एकटंच समुद्रापासून वर, सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे, त्याला बंदर नाही. स्टेशनपासून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. वेर्नात्साकडून चालत आलात तर गावात वरूनच शिरता, पायऱ्या फक्त उतरायच्या राहतात. कार्ड असेल तर स्टेशन ते गाव छोटी बस त्यातच येते.

मानारोला ते कोर्नील्या ही किनाऱ्याची वाट बरीच वर्षं बंद आहे. तिच्याऐवजी वोलास्त्रा गावावरून जाणारी वरची वाट आहे, तिला पैसे लागत नाहीत. मानारोलाहून वोलास्त्रापर्यंत उभ्या पायऱ्या आहेत, आम्ही सरळ बस घेतली आणि पुढचं चाललो. हा सगळ्यात सुंदर तुकडा. द्राक्षांच्या मांडवांमधून अगदी कडेने वाट जाते, डावीकडे खाली समुद्र. द्राक्षतोडणी चालू होती. उतारावर एकच रूळ टाकून त्यावर धावणारी इवलीशी गाडी क्रेट भरून वर खेचत होती. एका आजोबांनी हाताने थांबायची खूण केली, गाडी जाऊ दिली, आणि मग एक घोस आमच्या हातात ठेवला.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, ती २०२४ च्या ऑगस्टमध्येच पर्यटकांना खुली झाली. त्यासाठी कार्डाशिवाय वेगळे पैसे आणि आधी ठरवलेली वेळ लागत होती. किलोमीटरभराची सपाट वाट, आम्ही सोडून दिली. तुम्हाला करायची असेल तर वेळ आधीच नोंदवून ठेवा.

एक दिवस पावसात गेला. तिकडे हवामानाचा पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा निघतो आणि वाटा बंद केल्या जातात. सकाळी खोलीतूनच बघून घ्यायचं. समुद्र खवळला की बोटीही बंद. आम्ही गाडीने ला स्पेत्सियाला जाऊन तिथून बसने पोर्तोवेनेरे गाठलं. खडकाच्या टोकावरचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान पिएत्रो चर्च भर वाऱ्यात बघितलं. छत्री तिथेच मोडली.

खाण्याचे हाल होतील असं सगळ्यांनी सांगितलं होतं. शाकाहारी माणसाला लिगुरिया सोपं आहे. फोकाच्चा नावाचा तेलातला जाड पाव वजनावर मिळतो, दोन-तीन युरोंत एकाचं पोट भरतं. फारिनाता म्हणजे तर सरळ आपलं बेसनाचं धिरडं, फक्त भट्टीत भाजलेलं: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. बरोबर चटणी होतीच. पेस्तो या बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीचं मूळही याच प्रांतात. त्यात चीज असतं आणि ते चीज वासराच्या जठरातलं विरजण वापरून करतात, एवढं कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हॉटेलात बसलात की माणशी दोन-तीन युरो बसण्याचेच लागतात. कॉफी उभ्याने प्या, स्वस्त पडते. रात्री आम्ही खिचडीच करत होतो. सार्वजनिक नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, नसेल तिथे तसं लिहिलेलं असतं. त्यामुळे बाटल्यांवर एक पैसा गेला नाही.

एकूण खर्च दोघांचा सव्वादोन लाखांच्या आसपास झाला. विमान १ लाख ६ हजार, व्हिसा आणि विमा मिळून साडेतेवीस हजार, खोली आणि कर पन्नास हजारांच्या आत, लांबच्या गाड्या पंधरा हजारांच्या खाली, उरलेलं कार्डं, लोकल आणि खाणं. अडीच लाखांतले वाचले ते सासूबाईंच्या गुडघ्याच्या उपचारांच्या पैशांत टाकले.

आल्यापासून आईबाबांना घेऊन जावं का, असं दोन मैत्रिणींनी विचारलं. जाता येईल. मुक्काम लेवांतोलाच ठेवा, स्टेशनपासून गाव सपाट आहे. मोंतेरोस्सोही बऱ्यापैकी सपाट, समुद्राकाठी बसायला बाकं आहेत. वेर्नात्सा आणि मानारोला स्टेशनपासून चालण्याजोगी, कोर्नील्याला बस घ्या. वोलास्त्रालाही बसनेच वर नेऊन आणा, द्राक्षांचे मांडव बसथांब्यापासून पाच मिनिटांवर आहेत. सत्तरी ओलांडली असेल तर विम्याचा हप्ता बराच वाढतो, तो व्हिसाच्या आधी विचारून ठेवा. आणि पेन्शनवर असतील तर बँक स्टेटमेंटबरोबर पेन्शनचा कागदही फायलीत लावा.